न्हाव्याचं दुकान कोणाचं?

"मानवजातीचा सगळा इतिहास चार प्रश्नांत मावतो!" सोनवलकर सर स्टुलावरून उठत म्हणाले. "कापडाची गिरणी कोणाची, पावाची भट्टी कोणाची, गावातली बस कोणाची आणि न्हाव्याचं दुकान कोणाचं! एवढ्या चार प्रश्नांची उत्तरं द्या, पृथ्वीच्या पाठीवरच्या कुठल्याही देशात भांडवलशाही किती मुरलीय ते मी तुम्हाला शंभरापैकी गुण देऊन सांगतो."

"सर, आधी खाली बसा," धोंडीराम शिपाई म्हणाला. "धोतर खिळ्यात अडकलंय. फाटंल."

सर बसले. त्यांच्याबरोबर मानवजातीचा इतिहासही बसला. धोंडीरामने वाकून धोतर सोडवलं, सरांच्या हातात चहाचा कप दिला आणि जाता जाता माझ्याकडे बघून डोळा मारला.

ही गोष्ट एकोणीसशे नव्वद सालची, मिरजेतली. एका सतारीच्या दुकानाच्या माडीवर आमचं कोशाचं कार्यालय होतं. जगातलं सगळं ज्ञान 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत मराठीत आणायचं, असा विडा आमच्या संस्थेने अठ्ठावन्न साली उचलला होता. 'अ' चालू होता तेव्हा माणूस चंद्रावर गेला नव्हता. 'च' छापून व्हायच्या आत तो जाऊन परतही आला आणि 'चंद्र' ही नोंद पुन्हा जुळवावी लागली. आता चौदावा खंड चालू होता, त्यात 'भ' होता, आणि 'भ'मध्ये 'भांडवलशाही'.

ती नोंद सोनवलकर सरांची. सर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट. पुण्याच्या पलीकडे कधी गेलेले नव्हते. पण बेचाळीस देशांत त्यांची ओळख होती. कोशाच्या नावाचा छापील कागद, त्यावर ते चार प्रश्न आणि खाली 'इतर माहिती' अशी मोकळी जागा. ही प्रश्नावली ते देशोदेशींच्या शाळामास्तरांना, ग्रंथपालांना, पोस्टमास्तरांना पाठवत. एका प्रश्नाला पंचवीस गुण. सगळं खाजगी असेल तर शंभर, सगळं सरकारी असेल तर शून्य. नॉर्वेतल्या एका बाईने पावाच्या भट्टीवर चार पानं लिहून पाठवली होती. पेरूतल्या एका मास्तरने न्हाव्याचा फोटो धाडला होता.

"आणि भारताला किती गुण, सर?" मी एकदा विचारलं होतं.

"भारताची विश्वसनीय माहिती मिळत नाही. आपल्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याला विचारलं. तो म्हणतो दुकान माझं. त्याचा भाऊ म्हणतो माझं. कोर्ट म्हणतं पुढची तारीख."

"आणि सहकारी असलं तर?"

"ते अवघड आहे. सहकारी म्हणजे कोणाचं, हे आपल्या जिल्ह्यात विचारायची पद्धत नाही."

मी त्या वेळी एकतीस वर्षांचा, कोशात उपसंपादक होतो. आपल्याला विनोद करता येतो हे मला नुकतंच कळलं होतं. असं नवं कळलेल्या माणसापासून चार हात लांब राहावं, पण सरांना तेवढी सावधगिरी नव्हती.

त्या वर्षी बातमी आली, की तीन ऑक्टोबरला पूर्व जर्मनी नावाचा देश संपणार आणि पश्चिमेत मिळून जाणार. आमचे मुख्य संपादक आप्पासाहेब किणीकर यांनी लगेच मला आणि सरांना बोलावलं. सरांच्या नोंदीतल्या देशवार गुणांच्या कोष्टकात पूर्व जर्मनी ही सतरावी ओळ होती.

"ती ओळ काढा," आप्पासाहेब म्हणाले. "कोश म्हणजे स्मशान नव्हे. मेलेले देश ठेवायला आपल्याकडे जागा नाही."

"मग रोमन साम्राज्यही काढा," सर म्हणाले.

"ते 'र'मध्ये आहे. 'र'ला अजून अवकाश आहे."

"आप्पासाहेब, देश गेला तरी न्हावी तिथंच आहे ना? त्याचं दुकान आता कोणाचं, एवढं तरी कळू दे. ड्रेस्डेनच्या आपल्या माहीतगाराला मी ऑगस्टमध्येच प्रश्नावली धाडलीय. उत्तर येईल. तोवर माझी एवढी एक ओळ ठेवा."

सरांना कशासाठी अजिजी करताना मी कधी पाहिलं नव्हतं. आप्पासाहेबांनीही पाहिलं नसावं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला. "दहा ऑक्टोबरला त्या पानांचा फर्मा छपाईच्या मशीनवर चढतो," ते म्हणाले. "तोवर उत्तर आलं तर ओळ राहील. नाही तर फणसळकर ती काढतील."

फणसळकर म्हणजे मी.

त्या दिवसापासून सर रोज टपालाच्या वेळेला जिन्याच्या तोंडाशी उभे राहू लागले. पोस्टमन वर यायच्या आधी त्याच्या हातातल्या गठ्ठ्यात परदेशी तिकीट दिसतंय का ते बघत. दिसलं नाही की म्हणत, "जर्मन टपाल सध्या गडबडीत असणार. दोन देशांचं एक करायचं म्हणजे शिक्केसुद्धा बदलावे लागतात." मग पुन्हा स्टुलावर येऊन बसत.

आमच्या छापखान्यात खंडेनवमीला खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांची, पूजा असायची. शिशाच्या खिळ्यांच्या पेट्यांना झेंडूच्या माळा, मशीनला हळदकुंकू, आणि पूजा झाली की थोडी करमणूक. त्या वर्षी करमणूक मी केली. 'ड्रेस्डेनचा न्हावी' नावाचं दहा मिनिटांचं नाटुकलं लिहिलं आणि न्हावी मीच झालो. खांद्यावर टॉवेल टाकून मी मिरजेहून आलेलं पत्र वाचतो, असा प्रवेश होता.

"प्रिय महोदय, आपले दुकान कोणाचे?" मी मोठ्याने वाचलं आणि आतल्या बाजूला बघून ओरडलो, "अगं ए, मिरजेहून विचारतायत, दुकान कोणाचं म्हणून! काय सांगू? तुझ्या भावाचं सांगू, की तुझ्या आईचं?"

लोक हसून हसून आडवे झाले. आप्पासाहेबांनी खुर्चीचा हात धरला. सगळ्यांत जास्त सोनवलकर सर हसले. डोळे पुसत पुसत प्रसादाचे पेढे घेऊन माझ्यापाशी आले.

"छान केलंत हो. त्या न्हाव्याला मूलबाळ आहे का?"

"नाटकात? असेल की एखादी मुलगी," मी म्हणालो.

"हं. असेल," सर म्हणाले. पेढा तसाच हातात धरून थोडा वेळ उभे राहिले.

तीन ऑक्टोबरला तो देश संपला. चार ऑक्टोबरला मी माझ्या हुशारीने एक काम केलं. कोणी सांगितलं नव्हतं. कोशाला ज्यांच्याकडून आता माहिती नको, त्यांना पाठवायची छापील कार्डं आमच्याकडे होती, मराठी आणि इंग्रजी दोन्हीतली: 'आपल्या माहितीची यापुढे आवश्यकता नाही. सहकार्याबद्दल आभारी आहोत.' पत्त्यांच्या वहीत पूर्व जर्मनीचा माहीतगार एकच होता. सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'व्ही. जी. एस., अभियंता' आणि पुढे ड्रेस्डेनचा पत्ता. त्या पत्त्यावर एक कार्ड हवाई टपालाने टाकून दिलं. देश संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी पत्रव्यवहार मिटवणारं जगातलं एकमेव कार्यालय मिरजेत आहे, असंही मी धोंडीरामला म्हणालो. धोंडीराम हसला. मला तेवढं पुरे होतं.

दहा तारीख आली. उत्तर आलं नाही. रसूलभाई मुल्ला आमचे मुख्य जुळारी, खिळा खिळा जुळवून ते पान उभं करणारे. हे कोष्टक जुळवायला त्यांना नऊ दिवस लागले होते. मी त्यांच्यापुढे उभा राहून म्हणालो, "रसूलभाई, सतरावी काढा."

"सरांना विचारलं?"

"आप्पासाहेबांचा हुकूम आहे."

त्यांनी चिमट्याने ती ओळ उचलली. काढलेले खिळे सोडवून आपापल्या घरांत टाकायचे असतात. रसूलभाईंनी तसं केलं नाही. ओळीला सुतळी गुंडाळली आणि ती कागदात बांधून कोनाड्यात ठेवली. सर दारातून बघत होते. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. थंडीतापाने पडलेत, असं धोंडीराम सांगत आला. तो रोज संध्याकाळी त्यांच्याकडे डबा पोचवत असे, आणि रोज सकाळी मला विचारत असे, "सर विचारतायत, ड्रेस्डेनचं काही?"

"नाही म्हणावं."

तीन नोव्हेंबरला पाकीट आलं. त्यावर दोन्ही देशांची तिकिटं होती आणि शिक्के इतके, की पत्ता शोधावा लागत होता. परदेशी टपाल एरवी सर स्वतःच फोडत. ते आजारी, म्हणून या वेळी ते काम माझं. आत आमचीच छापील प्रश्नावली होती, आणि उत्तरं मराठीत होती. देवनागरीत. शाळेत पुस्ती गिरवलेल्या माणसाचं स्वच्छ, उभं अक्षर.

'प्रिय महोदय,

गिरणी: सरकारची होती. आता कोणाची ते ठरलेले नाही. तूर्त आम्हा चारशे जणांना घरी बसवले आहे.

पावाची भट्टी: खाजगी. पूर्वी रांग असे. आता नाही.

बस: नगरपालिकेची.

न्हाव्याचे दुकान: सहकारी होते. बंद झाले. केस उमाची आई घरीच कापते.

इतर माहिती: ३१ ऑक्टोबरला ही जागा सोडत आहोत. कामासाठी पश्चिमेत कुठे जावे लागेल ते नक्की नाही. आता हा देश उरलेला नसल्याने आपली प्रश्नावली पुढे चालू राहणार किंवा कसे, हे त्यापूर्वी कळावे. चालू राहणार असल्यास नवा पत्ता पाठवीन. नसल्यास यापुढे तसदी देणार नाही.

आपला, वि. ग. सोनवलकर. ८ ऑक्टोबर १९९०.'

खाली सतारवाला एकच तार पुन्हा पुन्हा जुळवून बघत होता.

सरांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या टेबलाच्या खणात असे. मी ड्रेस्डेनची फाइल काढली. बाकी देशांच्या फायलींत एक-दोन कागद असत. या फायलीत पंचवीस होते, वर्षाला दोन. प्रत्येक कागदावर छापील चार प्रश्नांखाली सरांनी हाताने पाचवा प्रश्न लिहिलेला होता.

'आपल्याकडे हिवाळ्यात कोळसा कोण पुरवते? पुरेसा मिळतो काय?'

'सरकार. पुरेसा. लोकरीचे मोजे मात्र स्वतःचे.'

'दवाखाने कोणाचे? आपणास जावे लागते काय?'

'सरकारचे. एकदा जावे लागले. आता बरे आहे.'

त्र्याऐंशी सालच्या कागदावर: 'इतर माहिती: प्रसूतिगृह सरकारी. मुलगी झाली. नाव उमा ठेवले. पाळणाघर गिरणीचे.'

त्यानंतरच्या कागदावर सरांचा प्रश्न: 'पाळणाघरात दूध कोण देते? मुले रडतात काय?'

'गिरणी देते. एक मूल आठवडाभर रडले. आता रडत नाही.'

समासात लाल शाईने गुण दिलेले होते: पंचवीसपैकी शून्य. पुढे बरोबरची खूण.

मी फाइल घेऊन रसूलभाईंकडे गेलो. त्यांनी ती हातात घेतली नाही. लांबूनच ओळखली.

"कळलं का तुम्हाला?" ते म्हणाले.

"रसूलभाई, हा कोण?"

"विद्याधर. सरांचा मुलगा. एकुलता. शिष्यवृत्ती घेऊन गेलता तिकडं. इथं वहिनी आजारी पडल्या आणि गेल्या. पोरगं आलं न्हाई. रजा मिळाली न्हाई, का परवानगी मिळाली न्हाई, अल्लाला ठाऊक. वर तिथंच लग्न केलं. सर कृष्णेच्या घाटावरनं परत आले ते माझ्यासमोर बोलले, रसूल, आजपासनं त्याला पत्र लिहायचं न्हाई आणि त्याचं आलेलं फोडायचं न्हाई. उमाची शपथ."

"उमा?"

"वहिनींचं नाव."

मी त्र्याऐंशी सालचा कागद पुन्हा वर काढला.

"सहा महिन्यांनी सर हा कागद जुळवायला घेऊन आले. चार प्रश्न. मला म्हणाले, रसूल, हे पत्र नव्हे. मी म्हटलं, न्हाई सर, पत्र कसं असेल? ही प्रश्नावली."

"आणि बाकीचे एकेचाळीस देश?"

रसूलभाईंनी हातातली शाई चिंधीला पुसली. "एकाच देशाला विचारलं असतं, तर तुमच्यासारख्यानं विचारलं नसतं का, ह्यालाच का म्हणून?"

मी त्याच दुपारी तार केली. 'प्रश्नावली चालू आहे. पत्ता पाठवा.' तार मास्तरने दोनदा वाचली आणि विचारलं, यात चुकून काही राहिलंय का? मी म्हटलं, राहिलंय, पण तारेत मावत नाही. ते तीन दिवस मी धोंडीरामला 'नाही म्हणावं' असंच सांगत होतो आणि आमचं कार्ड टपालात हरवलं असावं अशी आशा करत होतो. टपालखात्याच्या गलथानपणावर मी आयुष्यभर विनोद केले. त्याच्यावर विसंबून राहायची वेळ तेवढी एकदाच आली. चौथ्या दिवशी तार परत आली. माणसं जागा सोडून गेलेली, नवा पत्ता नाही.

पुढे मी वकिलातीला लिहिलं, तिथल्या विद्यापीठाला लिहिलं. एकाचं उत्तर आलं, त्यात सहलीची रंगीत पुस्तिका होती. पण ते पुढचं. तार परत आली त्या दुपारी मी पाकीट आणि फाइल घेऊन ब्राह्मणपुरीत सरांच्या खोलीवर गेलो.

सर खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली, अंगावर शाल. शेजारच्या टेबलावर निळं हवाईपत्र उलगडून ठेवलेलं होतं. त्यावर एकच ओळ होती: 'चि. विद्याधर यास अनेक उत्तम आशीर्वाद.' बाकी कोरं.

माझ्या हातात फाइल पाहून त्यांना कळलं. "वाचलीत?"

"वाचली, सर."

"उत्तर आलं?"

मी पाकीट दिलं. त्यांनी खिडकीकडे सरकून वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"गिरणी बंद झाली म्हणजे," ते म्हणाले. "पावाची रांग राहिली नाही लिहितोय. पाव महागला असणार. सात वर्षांची झाली ती. केस आईच कापते म्हणे." मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "एकतीस तारखेच्या आत कळावे. आज किती?"

"सात नोव्हेंबर. सर, मी तार केली होती. परत आली."

"हं."

"सर, आणखी एक आहे." मी ते नाटुकलं केलं तेव्हा माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचला होता. आता तो माझ्यापर्यंतही पोचेना. "मी त्यांना चार तारखेलाच एक कार्ड पाठवलं होतं. छापील. देश गेला म्हणून. मला माहीत नव्हतं हो..."

"काय छापलेलं असतं त्यावर?"

"आपल्या माहितीची यापुढे आवश्यकता नाही."

"पुढे?"

"सहकार्याबद्दल आभारी आहोत."

सरांनी टेबलावरचं हवाईपत्र उचललं.

"आभार मी कधी मानले नव्हते," ते म्हणाले. "बारा वर्षं. बरं झालं, तेवढं तरी कोणी कळवलं." त्यांनी ते निळं पत्र घडी घालून उशीखाली ठेवलं. "यापुढे प्रश्नावली नको म्हटलं होतं. उत्तर आलं की सरळ पत्र लिहायचं. उत्तराआधी कसं लिहिणार? त्याला वाटलं असतं, बापच आधी नमला."

"सर, मी वकिलातीला लिहितो."

"कोणत्या? ज्या देशात मी त्याला ठेवलं होतं, तो देशच तुम्ही काढलात ना." हे ते रागाने बोलले नाहीत. कोष्टक समजावून सांगताना बोलत तसेच बोलले.

मी खाली मान घालून बसलो. मला माफी मागायची होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक वाक्य धड जुळेना. सर उठले, फळीवर काहीतरी चाचपलं आणि परत येऊन माझ्यासमोर बसले.

"फणसळकर, एक कराल?"

"सांगा सर. काहीही सांगा. ड्रेस्डेनला जाऊन शोधायला सांगितलंत तरी जाईन."

त्यांनी लहान कात्री माझ्या हातात दिली आणि उजवा हात पुढे केला.

"या हाताची नखं तेवढी कापून द्या. डाव्या हातात कात्री धरायला जमत नाही."